नवी शेगडी आणण्याआधी गॅसची लाइन पाहा



या पानावर एरवी बेणे, लागण, खोडवा आणि खतांच्या मात्रा यांची माहिती असते. या वेळी विषय स्वयंपाकघराचा आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुले नोकरीधंद्यानिमित्त पुणे शहरात राहतात. तिथे अनेक सोसायट्यांत पाइपने गॅस येतो. गावाकडे सिलिंडर, तर काहींच्या गोठ्यामागे गोबरगॅस. मग गावाकडची शेगडी पुण्याला न्यायची किंवा दुकानातून नवी आणून स्वतःच नळी जोडायची, असे सर्रास चालते. शेगडी दिसायला तीच असली तरी गॅस तोच नसतो.

तीन गॅस, तीन जेट

फवारणी पंपाचे उदाहरण घ्या. तणनाशकाला पट्ट्यासारखा फवारा देणारे नोझल, कीटकनाशकाला गोल फवाऱ्याचे. पंप तोच, पण नोझल चुकले तर औषध वाया जाते आणि पिकालाही फटका बसतो. शेगडीचेही तसेच आहे. बर्नरच्या मागे बारीक भोकाचा पितळी जेट असतो. त्यातून किती गॅस जावा हे त्या भोकावर ठरते.

सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. एक घनमीटर पाइप गॅस जेवढी उष्णता देतो, त्याच्या अडीच ते तीन पट उष्णता तेवढाच सिलिंडरचा गॅस देतो. शिवाय सिलिंडरच्या रेग्युलेटरमधून गॅस सुमारे ३० मिलिबार दाबाने येतो, तर पाइपचा गॅस शेगडीला सुमारे २१ मिलिबारने मिळतो. म्हणून पाइप गॅसच्या जेटचे भोक मोठे लागते. गोबरगॅसमध्ये मिथेन साधारण ५५ ते ६० टक्केच असतो, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड. त्याला भोक आणखी मोठे लागते.

सिलिंडरची शेगडी तशीच पाइपला लावली तर ज्योत मिणमिणते आणि भाकरी भाजता भाजत नाही. उलट केले तर धोका मोठा. पाइपची शेगडी सिलिंडरला लावली की पिवळ्या ज्वाळा उठतात, भांडी काळी होतात आणि अर्धवट जळण्याने विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. ज्योत निळी आणि स्थिर हवी.

पुण्यात काय करावे

पुणे व पिंपरी-चिंचवडमध्ये पाइप गॅस महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेड पुरवते. गेल आणि भारत पेट्रोलियम यांची ही संयुक्त कंपनी. शेगडी बदलायची असेल तर आधी कंपनीला कळवावे आणि जेट बदलणे, जोडणी करणे हे काम तिच्या अधिकृत माणसाकडूनच करून घ्यावे. ओट्यात बसणारी शेगडी घ्यायची असेल तर ग्रॅनाइट कापण्याआधी लाइन कुठून येते आणि कॉक कुठे राहील हे ठरवून घ्यावे. कॉक सहज हाताला लागला पाहिजे. लाइन सरकवायची झाल्यास ओळखीच्या नळवाल्याला बोलावू नये. पाण्याचा नळ गळला तर फरशी भिजते, गॅसची लाइन गळली तर घर जाते.

जोडणीनंतर ही तपासणी करा

१. प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी ओढून कधीही पाहू नये.

२. रबरी नळी आयएसआय छापाची, दीड मीटरच्या आत असावी. ती भिंतीतून ओढू नये. पाच वर्षांनी, आणि चीर दिसल्यास लगेच बदलावी.

३. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. पाइपचा गॅस हलका, तो छताकडे जातो. म्हणून सिलिंडर असेल तिथे खालून हवा खेळती हवी, आणि पाइप असेल तिथे वरची खिडकी उघडी हवी.

४. वास आला तर कॉक बंद करा, दारे-खिडक्या उघडा, विजेचे एकही बटण दाबू नका. बाहेर येऊन फोन करा. सिलिंडरसाठी १९०६ हा क्रमांक आहे. पाइप गॅसचा तातडीचा क्रमांक बिलावरून वहीत उतरवून ठेवा.

दिवाळीत मुलांकडे जाल तेव्हा ओट्याखाली वाकून नळी आणि कॉक एकदा नजरेखालून घाला. उसाच्या फडात आपण कांडी न् कांडी तपासतो, तीच नजर इथेही लावावी.

– ऊस विकास अधिकारी