सोबतीचं वेळापत्रक

आजारपणाची बातमी कानावर आली की आपल्या तोंडून सगळ्यात आधी निघतं ते 'काही लागलं तर हक्काने सांग' हे वाक्य. ते बहुतेकदा मनापासून म्हटलेलं असतं आणि बहुतेकदा वाया जातं, कारण मागण्याचं काम ते नेमकं त्याच्यावर टाकतं ज्याला मागणं सर्वांत जड जातं. नैराश्यात असलेल्याला अंथरुणातून उठायचंच बळ नसतं, तो फोन करून मदत कुठून मागणार? आईची केमोथेरपी चालू असलेल्या मुलीला नेमकं काय लागणार आहे याचा विचार करायलाही उसंत नसते, आणि सुचलं तरी मिंधेपणाची भीती जीभ अडवते. महिन्याभरात चौकशीचे फोन कमी होतात, पुढे दोन्ही बाजूंना अवघडल्यासारखं होतं आणि चांगली जुनी मैत्री कुणाचाच दोष नसताना सुटत जाते. या लेखाचं म्हणणं असं की मित्राच्या आधाराचं मोल भावनेच्या उत्कटतेवर ठरत नाही. तो किती नियमित, किती नेमका आणि किती जणांत वाटून घेतलेला आहे यावर ठरतं. हे जरा कोरडं वाटेल, पण हाताशी असलेला पुरावा त्याच बाजूने झुकतो.

मनाचा आजार आणि घरातलं आजारपण हे दोन वेगळे विषय मानायची आपल्याला सवय आहे. आकडे पाहिले की ही भिंत टिकत नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं आढळलं आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून दूर होते. महाराष्ट्र त्या १२ राज्यांत नव्हता. मात्र राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात आत्महत्यांची संख्या सर्वाधिक असलेलं राज्य महाराष्ट्रच होतं : देशभरातल्या १,७०,९२४ पैकी २२,७४६. देशपातळीवर नोंदलेल्या कारणांत कौटुंबिक समस्या ३१.७ टक्के आणि आजारपण १८.४ टक्के, म्हणजे निम्म्या नोंदी या दोन रकान्यांत. पोलिसांच्या नोंदीतलं कारण हे संपूर्ण कारण नसतं, एका मृत्यूमागे अनेक गोष्टी गुंतलेल्या असतात. तरी एवढं उघड आहे की घरातला ताण, शरीराचं दुखणं आणि मनाचं खचणं ही एकाच घरात एकत्र नांदतात.

हा भार आज पेलतं कोण? केंद्राच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातल्यांची विनामोबदला काळजी घेणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी १३४ मिनिटं देत होत्या, पुरुष ७६. स्वयंपाक, धुणं, झाडलोट यांचा वेळ त्याहून वेगळा. सांभाळणाऱ्यावर याचा काय परिणाम होतो तेही मोजलं गेलं आहे. रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच या अमेरिकी संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलेल्या अभ्यासात, आजारी जोडीदाराची सेवा करताना ताण सोसणाऱ्या वृद्धांचा चार वर्षांतला मृत्यूचा धोका अशी जबाबदारी नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघाला. पूर्वी हा भार एकत्र कुटुंबात चार-पाच जणांत वाटला जाई. तेव्हाही तो मुख्यतः सुनांच्याच वाट्याला येई, हे विसरायला नको. आता मुलगा पुण्यात, मुलगी टोरांटोत आणि आईवडील साताऱ्यात अशी घरं सर्रास दिसतात. नातेवाईक लांब आणि मित्र जवळ, ही आजची वस्तुस्थिती आहे. तरीही अतिदक्षता विभागाच्या दारात पहिला प्रश्न 'तुम्ही कोण लागता?' हाच असतो. आजारपणाची आपली सगळी व्यवस्था रक्ताच्या नात्यावर उभी आहे आणि मित्राला तिथे पाहुण्याची जागा आहे.

माणसाला माणसाचा उपयोग होतो, यावर आता वाद उरलेला नाही. ज्युलियान होल्ट-लुन्स्टॅड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यासांचा, म्हणजे तीन लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचा, एकत्रित आढावा घेतला. ज्यांचे सामाजिक संबंध भक्कम होते त्यांची जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त होती. खरा प्रश्न आहे तो कोणत्या प्रकारची सोबत उपयोगी पडते हा. अमांडा रोझ यांनी २००२ पासून मुलामुलींच्या मैत्रीवर केलेलं काम इथे डोळे उघडणारं आहे. एकच दुःख पुन्हा पुन्हा उगाळत बसणाऱ्या मैत्रिणी एकमेकींच्या अधिक जवळ येतात, पण त्यांच्यातली नैराश्याची लक्षणंही वाढतात. म्हणजे 'सगळं बोलून टाक, मन हलकं होईल' हा सल्ला अर्धाच खरा आहे. दुसरीकडे, नायल बोल्जर यांनी २००० मध्ये वकिलीच्या परीक्षेला बसणाऱ्यांच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या रोजनिशा तपासल्या. जोडीदाराने दिलेला जो आधार परीक्षार्थीच्या ध्यानातही आला नव्हता, तोच अधिक गुणकारी ठरला. तो अभ्यास जोडप्यांचा होता, मित्रांचा नव्हे. तरी त्यातला धडा मैत्रीलाही लागू पडावा असा आहे. मदतीचा गाजावाजा झाला की घेणाऱ्याला आपलं दुबळेपण जाणवतं. गॅसचा नंबर लावून टाकणं, मुलांना शाळेतून आणणं अशा कामांत ते जाणवत नाही.

नियमितपणाचं मोल दाखवणारा सर्वांत साधा प्रयोग सॅन फ्रान्सिस्कोच्या जेरोम मोटो या मनोविकारतज्ज्ञाचा. नैराश्यामुळे किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे रुग्णालयात राहून आलेल्या, पण पुढचे उपचार नाकारणाऱ्या ८४३ जणांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला पाच वर्षांत २४ छोटी पत्रं गेली, सुरुवातीला महिन्याला एक आणि पुढे अंतर वाढवत. त्यांत चौकशी होती. सल्ला, प्रश्नावली किंवा तपासणीला येण्याची गळ नव्हती. पहिल्या दोन वर्षांत या गटातल्या आत्महत्या लक्षणीय कमी राहिल्या. पुढे इतरत्र झालेल्या अशा प्रयोगांचे निष्कर्ष सगळीकडे इतके स्पष्ट आले नाहीत, म्हणून पत्राला औषध म्हणता येणार नाही. पण उत्तराची अपेक्षा न ठेवता, ठरलेल्या वेळी, वर्षानुवर्षं पोचणारे चार शब्द काही तरी करतात, इतकं त्यातून म्हणता येतं. व्हॉट्सअॅपच्या काळात हे करायला पैसेही लागत नाहीत. लागते ती चिकाटी, आणि निळी खूण दिसूनही उत्तर न आल्यास रुसून न बसण्याची तयारी.

यावर पहिला आक्षेप येतो तो तज्ज्ञतेचा : मनाच्या आजारात सामान्य माणसाने हात घालू नये, नुकसान होईल. यात तथ्य आहे. 'सकारात्मक विचार कर', 'तुला काय कमी आहे?' असली वाक्यं खरोखर इजा करतात. औषधं बंद करायचा सल्ला तर धोकादायकच. पण सामान्य माणूस काहीच करू शकत नाही, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. गोव्यात 'संगत' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर केलेला प्रयोग २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. मानसशास्त्राचं व्यावसायिक शिक्षण नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत रुग्णाला छोटी, ठरवून करायची कामं आखून दिली. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक आजाराच्या कक्षेबाहेर आले. केवळ नेहमीच्या, थोड्या सुधारित उपचारांवर असलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात सुरू झालेल्या आणि पुढे गुजरातेत मेहसाण्याला विस्तारलेल्या 'आत्मीयता' उपक्रमातही गावातलीच माणसं गावातल्या त्रस्त माणसांशी बोलतात आणि गरज पडेल तिथे त्यांना डॉक्टरपर्यंत नेतात. दोन्ही ठिकाणी शिकवणूक आहे, देखरेख आहे आणि पुढे कुणाकडे पाठवायचं हे ठरलेलं आहे. मित्र समुपदेशक नसतो आणि त्याने तसा आव आणू नये. मात्र सोबत फिरायला नेणं, डॉक्टरची वेळ घेऊन देणं, दवाखान्यात बाकावर शेजारी बसणं ही कामं त्याचीच. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार येतोय का, हे थेट विचारलं तर तो विचार डोक्यात भरतो, ही समजूत अभ्यासांत टिकलेली नाही. तेव्हा शंका आली की विचारावं, उत्तर 'हो' आलं तर माणसाला एकटं सोडू नये, घरच्यांना आणि डॉक्टरला लगेच सामील करावं. २०२२ पासून चालणारी सरकारी टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते, मराठीतही.

शरीराच्या आजारपणात मित्राचं काम आणखी ठोस होतं. परळच्या टाटा रुग्णालयाच्या परिसरात बाहेरगावच्या रुग्णांची आणि नातेवाइकांची राहण्याखाण्याची ओढाताण रोज दिसते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन यांचं मोल अशा वेळी कळतं. उपचार डॉक्टर करतात, पण फाइल नीट लावणं, रिपोर्ट आणणं, विम्याच्या दाव्याचे कागद भरणं, रक्तदाते जमवणं, डबा पोचवणं, एका रात्रीची पाळी घेऊन सांभाळणाऱ्याला झोपू देणं या कामांचा डोंगर वेगळाच असतो. केरळने तो वाटून घेण्याची रीत बसवली. १९९३ मध्ये कोझिकोडला सुरू झालेल्या वेदनाशमन केंद्रातून पुढे मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत शेजाऱ्यापाजाऱ्यांची जाळी उभी राहिली. प्रशिक्षित स्वयंसेवक घरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांची विचारपूस करू लागले आणि २००८ मध्ये राज्याने परिहार (पॅलिएटिव्ह) सेवेचं धोरणच आणलं. तिथले लोक आपल्यापेक्षा जास्त कनवाळू आहेत असं मानायचं कारण नाही. कोणाचा वार कोणता, हे तिथे ठरलेलं असतं.

महाराष्ट्रात अशी परंपरा नाही असं नव्हे. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने व्यसनी माणसासोबत त्याच्या बायकोचाही विचार केला. 'सहचरी' हा त्यांचा गट त्यातूनच आला. १९९० पासून ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएच संस्था मानसिक आरोग्याचं काम करते आहे. कॅलगरीत प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांच्या पुढाकाराने पुण्यात उभ्या राहिलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने सांभाळणाऱ्या 'शुभंकरां'ना एकत्र बसवलं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 'देवराई'त स्किझोफ्रेनिया झालेल्या भावाची बहीण, 'अस्तु'त स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांची मुलगी आणि 'कासव'मध्ये नैराश्यातल्या तरुणाला आसरा देणारी परकी बाई पडद्यावर आणली. या तिघींपैकी रक्ताच्या नात्याची नसलेली एकच, आणि आपल्या चर्चेत अजून सर्वांत कमी जागा मिळते ती तिलाच.

दुसरा आक्षेप असा : मैत्रीला वेळापत्रक लावलं की ती मैत्री उरत नाही, ड्युटी होते. पण आपल्याकडच्या जिव्हाळ्याच्या कितीतरी गोष्टी नेमानेच चालतात. वारीत दिंडीचा मुक्काम, स्वयंपाकाची पाळी, सामानाचा ट्रक सगळं आधी ठरलेलं असतं आणि म्हणून कुणाची भक्ती खोटी ठरत नाही. उलट उत्स्फूर्तपणावर सोडलेली मदत पहिल्या आठवड्यात पाच डबे आणते आणि सहाव्या आठवड्यात एकही नाही. तिसरा आक्षेप घरगुती गोष्ट चार जणांत जाण्याचा. 'लग्नाची मुलगी आहे घरात' हे वाक्य अजून संपलेलं नाही आणि ती भीती निराधारही नाही. म्हणून काय सांगायचं आणि कुणाला, याचा निर्णय त्या माणसाचा आणि त्याच्या घराचा; मित्राने कामं वाटावीत, निदान वाटत फिरू नये. 'दर गुरुवारी मी बाबांपाशी बसतो' एवढं ठरवायला आजाराचं नाव गटावर टाकावं लागत नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे : सरकारने करायचं काम मित्रांच्या गळ्यात का मारता? ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांवर एवढ्या मोठ्या राज्याची गरज भागणार नाही, आणि मित्रांनी डबे दिले म्हणून डॉक्टरांच्या रिकाम्या जागा भरणार नाहीत. ही मागणी लावून धरलीच पाहिजे. पण उत्तम सरकारी व्यवस्थेतही आठवड्यातला एखादा तास दवाखान्यात जातो, उरलेले दिवस घरीच काढायचे असतात. मित्रही थकतो, हेही खरं. म्हणूनच भार एकावर नको, चौघांत हवा आणि 'या आठवड्यात मला जमणार नाही' असं म्हणायची मुभा हवी. एकट्याने सगळं ओढणारा मित्र काही महिन्यांत स्वतःच आजारी पडतो किंवा फोन उचलेनासा होतो.

कायदा या बाबतीत आपल्या रूढीच्या पुढे गेला आहे. २०१८ मध्ये लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार कोणीही प्रौढ व्यक्ती साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकते. तो नातेवाईकच असावा अशी अट नाही. प्रौढ आणि सक्षम असलेला, लेखी संमती देणारा मित्र चालतो. त्याला उपचारांची माहिती मिळते, निर्णय घेताना साथ देता येते, आणि नेमणूक हवी तेव्हा बदलताही येते. लिहून ठेवलं नसेल तर मात्र कायद्याच्या क्रमात आधी नातेवाईक येतात. ज्या मित्राला मध्यरात्री फोन करता येतो त्याचं नाव कागदावरही असावं, हे सुचायला आजारपण येईपर्यंत थांबायचं कारण नाही. बातमीच्या पहिल्या आठवड्यात माणसांची कमतरता कधीच नसते. ती चौथ्या महिन्यात भासते, जेव्हा आजार तसाच असतो आणि बातमी जुनी झालेली असते. तेव्हा 'काही लागलं तर सांग' म्हणण्याऐवजी 'मंगळवारी संध्याकाळी मी येतोय' असं सांगावं, मंगळवारी जावं, आणि पुढच्या मंगळवारी कोण जाणार ते तिथून निघण्याआधी ठरवावं.