माळ्यावरचा टीव्ही गेम आणि पाच सल्ले

प्रिय विद्यार्थी मित्रांनो, पालकहो आणि विश्वस्त मंडळी,



विज्ञान दिनानिमित्त, म्हणजे २८ फेब्रुवारीला, आम्ही मुलांना सांगितले होते की घरातली एखादी जुनी, बंद पडलेली वस्तू घेऊन या आणि ती कशी चालत असे हे वर्गाला समजावून सांगा. कुणी ट्रान्झिस्टर आणला, कुणी किल्लीचे घड्याळ. सातवीतल्या एका विद्यार्थ्याने माळ्यावरून काकांचा टीव्ही गेम काढून आणला. काकांना तो लहानपणी ग्वाल्हेरच्या मेळ्यातून मिळाला होता. १९०५ साली माधवराव महाराजांनी सुरू केलेल्या या मेळ्याने आपल्या घराघरांत काय काय आणून टाकले आहे, याची यादी कुणीतरी एकदा करायला हवी!

पण आज लिहायचे आहे ते गेमविषयी कमी आणि सल्ल्यांविषयी जास्त. गेम चालू होत नव्हता. मुलाने इंटरनेटवर जुन्या गेमचा छंद असलेल्या मंडळींना विचारले. त्याला पाच उत्तरे आली. पहिले: कॅसेटमध्ये जोरात फुंकर मार. दुसरे: एलिमिनेटर कमजोर झाला असेल, बारा व्होल्टचा लाव. तिसरे: टीव्हीत दोष आहे, मागचे झाकण उघडून आतले स्क्रू फिरव. चौथे: बंदूक चालत नसेल तर नवी विकत घे. पाचव्याने सल्ला दिलाच नाही, उलट विचारले, "एलिमिनेटरवर काय छापले आहे? पिनेच्या मध्यभागी अधिक आहे की उणे? टीव्ही जुना आहे की नवा?"

मुलाला पाचवे उत्तर कंटाळवाणे वाटले आणि तिसरे सर्वांत मजेदार. तो पेचकस घेऊन आजीच्या जुन्या टीव्हीमागे बसला. आजींनी हाक मारली म्हणून तो थांबला. आजींनी ही गोष्ट आम्हाला सांगितली, तेव्हा आमच्या अंगावर काटा आला.

कारण असे. जुन्या डबा टीव्हीत पिक्चर ट्यूब असते. रंगीत टीव्हीच्या ट्यूबला वीस हजार व्होल्टहून जास्त दाब लागतो. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची असते, यावरून कल्पना करा. शिवाय ती ट्यूब स्वतःच विजेचा साठा करते. प्लग काढला तरी साठा लगेच नाहीसा होतो असे नाही. आम्ही स्वतः कॉलेजात असताना एका बंद टीव्हीत हात घातला होता. प्लग काढलेला होता, म्हणून निर्धास्त होतो. झटक्याने आम्ही मागच्या भिंतीवर आदळलो. नशीब चांगले म्हणून आज हे लिहीत आहोत. घरी मात्र पुढची कित्येक वर्षे आम्ही हे कुणाला सांगितले नव्हते.

आता बाकीचे सल्ले तपासू या.

फुंकर मारण्याचा सल्ला तर आपल्या सर्व काका-मामांनी पाळलेला आहे! कॅसेटच्या कडेला तांब्याच्या पट्ट्यांची रांग असते. त्यांवर धूळ व मळ बसला की संपर्क तुटतो. फुंकर मारून गेम चालू होतो असे वाटते, पण पुष्कळदा कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळेच संपर्क जुळलेला असतो. फुंकरीबरोबर तोंडातली वाफ जाते आणि पट्ट्या हळूहळू गंजतात. कापसाच्या काडीला थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसावे व पूर्ण वाळू द्यावे, एवढे पुरे.

बारा व्होल्टच्या सल्ल्यात साधे गणित चुकले आहे. या यंत्राला आतून पाच व्होल्ट लागतात. बाहेरून नऊ व्होल्ट येतात आणि आत बसवलेला रेग्युलेटर त्यांतले पाच ठेवून उरलेले चार उष्णतेच्या रूपाने सोडून देतो. समजा अर्धा अँपिअर प्रवाह आहे. मग ४ × ०.५ म्हणजे २ वॅट उष्णता झाली. बारा व्होल्ट लावले तर ७ × ०.५ म्हणजे ३.५ वॅट, जवळपास पावणेदोन पट. छोट्याशा बंद डब्यात ती जाणार कुठे? आणखी एक धोका आहे. या जातीच्या अनेक गेममध्ये पिनेच्या मध्यभागी उणे असते, आणि आजच्या बहुतेक अडॅप्टरमध्ये अधिक. पीन तर सहज बसते, पण वीज उलटी जाते आणि आतले भाग जळू शकतात. एलिमिनेटरच्या लेबलावर वर्तुळ आणि + व – ची छोटी आकृती असते. ती आधी पाहावी.

बंदुकीची गोष्ट फार सुंदर आहे. बदक मारण्याच्या खेळात आपल्याला वाटते की बंदुकीतून काहीतरी टीव्हीकडे जाते. प्रत्यक्षात उलटे आहे. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा असतो. त्याला ठरलेल्या क्षणी पांढरे दिसले तर नेम लागला! नवे सपाट टीव्ही आलेले चित्र आधी आपल्या पद्धतीने तयार करतात आणि मग दाखवतात. त्यात काही क्षणांचा उशीर होतो. गेम ज्या क्षणी विचारतो, त्या क्षणी पडदा काळाच असतो. म्हणून नवी बंदूक आणली तरी ती नव्या टीव्हीवर चालणार नाही. दोष बंदुकीचा नाहीच.

शेवटी आमच्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी पाचव्या माणसाच्या प्रश्नांपासून सुरुवात केली. लेबल वाचले, मल्टिमीटर लावला. एलिमिनेटरमधून वीजच बाहेर येत नव्हती, कारण पिनेजवळ तार आतून तुटली होती. तार जोडली, चिमूटभर सोल्डर लागले. आजींच्या टीव्हीवर चित्र आले, आणि बदकेही पडली. टीव्ही उघडावा लागला नाही, काही विकत घ्यावे लागले नाही.

विद्यार्थी मित्रांनो, या खेळण्याला कमी लेखू नका. याचे मूळ यंत्र जपानमध्ये १९८३ साली आले. भारतात ते 'समुराई' नावाने आले आणि त्याच्या नकला तर कितीतरी नावांनी विकल्या गेल्या. त्याच सुमारास, १९८४ मध्ये, केंद्र सरकारने शाळांत संगणक शिकवण्यासाठी 'क्लास' हा प्रकल्प सुरू केला आणि त्यासाठी बीबीसी मायक्रो हा संगणक निवडला. त्या संगणकाचा प्रोसेसर होता ६५०२. जपानी गेमचा प्रोसेसरही ६५०२ वरच बेतलेला! म्हणजे शाळेतला संगणक आणि घरातला गेम हे नात्याने चुलतभाऊ. गेमच्या मुख्य स्मृतीत फक्त दोन किलोबाइट जागा होती. आपले हे पत्रक टाइप केले तर त्यातही मावणार नाही.

पुण्याचीही एक आठवण द्यायला हवी. तिथल्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८०च्या दशकात इंग्लंडच्या स्पेक्ट्रम संगणकाची भारतीय आवृत्ती बनवली. त्यावरचे खेळ गाण्यांच्या साध्या कॅसेटमधून, किरकिर आवाज ऐकत, मिनिटेच्या मिनिटे वाट पाहून चढवावे लागत. ज्यांच्या घरी अशा कॅसेट असतील त्यांनी दुरुस्तीच्या आधी एक काम करावे. फीत एकदा चालवून तिचा आवाज आजच्या संगणकात साठवून घ्यावा. फीत कायमची टिकत नाही. आधी प्रत, मग दुरुस्ती.

पालकांना आमची विनंती आहे की मुलांना अनोळखी माणसांना प्रश्न विचारण्यापासून सरसकट अडवू नका. छंदाची ही माणसे बहुधा निःस्वार्थ असतात, आणि त्यांच्याकडे असे ज्ञान असते जे पुस्तकात सापडत नाही. पण त्यांना आपले घर दिसत नाही, आपले मूल किती वर्षांचे आहे हेही माहीत नसते. चांगला वैद्य आधी नाडी पाहतो, मग औषध देतो. सल्ला देणाऱ्याने आधी काही विचारले का, हे मुलांना पाहायला शिकवा. आणि जिथे झाकण उघडायचे, विजेची पीन बदलायची किंवा पैसे द्यायचे असतील, तिथे घरातले मोठे माणूस शेजारी असलेच पाहिजे.

विश्वस्त मंडळींनाही एक निवेदन. शाळेच्या कोठीत जुने संगणक आणि पिक्चर ट्यूबचे मॉनिटर पडून आहेत. ते कबाड्याला वजनावर द्यावेत अशी सूचना आली आहे. जागेची अडचण आम्हालाही कळते. परंतु या ट्यूबच्या काचेत शिसे असते. कबाड्याकडे ती फोडली जाते, आणि फोडणारे हात अनेकदा आपल्या मुलांच्याच वयाचे असतात. म्हणून हे सामान नोंदणीकृत ई-कचरा पुनर्चक्रण केंद्रालाच द्यावे, पैसे थोडे कमी मिळाले तरी चालतील. त्यांतला एक संगणक व एक मॉनिटर मात्र प्रयोगशाळेत, कुलपात, शिकवण्यासाठी ठेवावा, अशी विनंती आहे.

ज्यांच्या माळ्यावर असे काही असेल त्यांनी ते न उघडता, एलिमिनेटरसकट, शाळेत आणावे. शिक्षक व मुले मिळून आधी लेबल वाचतील. आजींनी त्यांचा टीव्ही त्या दिवसापुरता द्यायचे कबूल केले आहे. अट एकच, मागच्या बाजूला कुणी बसायचे नाही.

आपले,
प्राचार्य