निर्ण्याच्या छपराचा हिशेब

बिदर आणि कलबुर्गी या कर्नाटकाच्या सरहद्दीवरील जिल्ह्यांच्या टापूत निर्णा नावाचे गाव आहे. किनाऱ्यावरील आमच्या वाचकांपैकी फारच थोड्यांनी ते नाव ऐकले असेल. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मराठी मुलुखाकडे आले आणि उरलेल्यापैकी बराचसा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून मराठी वृत्तपत्रांच्या नकाशावरून तो प्रदेश जवळजवळ पुसला गेला आहे. सीमाप्रश्न पेटला की त्याची आठवण होते, विझला की विस्मरण. आज आम्ही निर्ण्याचे नाव घेत आहोत ते त्या वादासाठी नव्हे. आमचा प्रश्न अगदी साधा आहे. मे महिन्यात दुपारी तीन वाजता निर्ण्यातील स्लॅबच्या एखाद्या घरात, पंख्याखाली, घरातली म्हातारी पडलेली असते, तेथे उष्णता किती असते? आणि ती सुसह्य व्हावी म्हणून त्या घराला महिन्याकाठी किती वीज लागते?

प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण तो तसा नाही. इमारतींतील ऊर्जेची बचत करण्याचे देशाचे सारे धोरण शेवटी अशाच प्रश्नांच्या उत्तरांवर उभे राहावयाचे आहे. हवामानखाते तापमान मोजते ते झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे चार फुटांवर, सावलीत आणि खेळत्या वाऱ्यात. शास्त्राच्या दृष्टीने ते योग्यच आहे. परंतु माणसे त्या पेटीत राहत नाहीत. कलबुर्गीचा पारा 43 अंशांवर गेल्याची बातमी आम्ही छापतो, तो त्या पेटीतला पारा. घरातला पारा छापला जात नाही, कारण तो मोजण्याची नित्याची व्यवस्थाच या देशात कोणी उभी केलेली नाही.

या मुलुखातील घरांची हकीकत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. बिदरचे पठार दोन हजार फुटांहून अधिक उंचीचे आणि त्यावर जांभ्याचे कवच. बिदरचा किल्ला ज्या तांबड्या दगडाचा आहे तो आपल्या चिऱ्याचाच भाऊबंद. कोकण-गोव्याच्या माणसास तेथे गेल्यावर दगडाची ओळख पटावयास वेळ लागत नाही. पठार उतरून कलबुर्गीकडे गेले की शहाबादची फरशी लागते, जी महाराष्ट्राच्या घराघरांतून अंथरलेली आहे. या भागातील जुनी घरे जाड दगडमातीच्या भिंतींची आणि माळवदाची. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, फळ्यांवर मातीचा जाड थर. पावसाळ्यापूर्वी दरवर्षी त्यावर पांढरी माती पसरून भेगा बुजवाव्या लागत. आत उजेड कमी, उंदीर-घुशींचा उपद्रव भरपूर; पण वैशाखाच्या दुपारीही उंबरा ओलांडला की अंगाला गारवा लागे.

त्याच माळवदाने 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, शेजारच्या लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत, किल्लारी व आसपासच्या गावांतील हजारो निजलेल्या माणसांचा घास घेतला. धरणीकंप मध्यम स्वरूपाचा होता. माणसे मेली ती बव्हंशी डोक्यावरच्या मातीखाली आणि भिंतींच्या दगडांखाली. त्या पहाटेनंतर या सबंध टापूत लोकांनी मातीच्या छपराकडे पाठ फिरविली असेल, तर ती फॅशन म्हणून नव्हे. जुन्या घरांचे गोडवे गाणाऱ्या शहरी मंडळींशी आम्ही या बाबतीत सहमत होऊ शकत नाही. ज्याने मातीचा ढिगारा उपसून आपले माणूस बाहेर काढले आहे, त्याला गारव्याचे व्याख्यान ऐकविणे हा उद्धटपणा होय.

माळवदाच्या जागी स्लॅब आला. त्याला लागणारा सिमेंटही दूरचा नव्हता. वाडी, सेडम आणि राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट म्हणजे आजचे मळखेड, येथले कारखाने या भागातल्या चुनखडीवरच चालतात. पायाखाली गारवा देणारा दगड असा भट्टीतून निघून डोक्यावर चढला आणि तापू लागला. चारपाच इंच जाडीचा उघडा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते घरात ओतीत राहतो. एकमजली घरात उन्हाचा सर्वांत मोठा मारा छपरावरच व्हावयाचा. सायंकाळी स्लॅबवर पाणी ओतावयाचे, मग अंथरूण घेऊन त्याच स्लॅबवर निजावयास जावयाचे, हा उपाय ज्याला जिना चढता येतो त्याच्यासाठी. ज्यांना तो चढता येत नाही त्यांनी पंख्याखाली गरम वारा अंगावर घेत पडावयाचे. 75 वॉटचा साधा पंखा रोज बारा तास चालला तर महिन्याला 27 युनिटे होतात. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याचे काम पुढे पडणार आहे.

कायद्यांची वाण नाही. ऊर्जासंवर्धनाचा कायदा 2001 साली झाला आणि पुढच्याच वर्षी त्यासाठी केंद्रीय ब्यूरो स्थापन झाला. मोठ्या व्यापारी इमारतींसाठी संहिता 2007 मध्ये आली, ती 2017 मध्ये सुधारण्यात आली. निवासी इमारतींसाठीची इको निवास संहिता 2018 च्या डिसेंबरची. 2022 च्या दुरुस्तीने तर निवासी इमारतीही कायद्याच्या कक्षेत आणल्या. परंतु पहिली संहिता लागू होते ती 100 किलोवॉट वा त्याहून अधिक जोडभाराच्या इमारतींना, आणि दुसरी लिहिली गेली ती 500 चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडांवरील घरे डोळ्यांसमोर ठेवून. छपरातून उष्णता किती शिरू द्यावी याची या दुसऱ्या संहितेने जी कमाल मर्यादा घातली आहे, तिच्या साधारण तिप्पट उष्णता उघडा स्लॅब आत सोडतो. म्हणजे रोग कोठे आहे हे धोरणकर्त्यांना ठाऊक आहे. औषध मात्र ज्या घरापर्यंत पोचावयाचे ते घर त्यांच्या वहीत नाही. निर्ण्यासारख्या गावात 100 किलोवॉटची इमारत दिवा घेऊन शोधावी लागेल.

वहीत नाही असे आम्ही म्हणतो खरे, पण येथेच या प्रकरणातील खरी विसंगती आहे. निर्ण्यातील घर एका वहीत नाही, चार वह्यांत आहे.

पहिली वही खानेसुमारीची. या जुन्या शब्दाचा अर्थच घरांची मोजणी असा आहे. 2011 च्या जनगणनेत घरयादी करताना जमीन, भिंत आणि छप्पर कशाचे, हे घराघरांतून विचारले गेले. 2027 च्या जनगणनेसाठी 2026 च्या एप्रिल ते सप्टेंबर या महिन्यांत घरयादी उरकावयाची असे ठरले, आणि तिच्या प्रश्नावलीतही हे प्रश्न आहेतच. तथापि छपराच्या रकान्यात ‘काँक्रीट’ लिहिले की विषय संपला. त्यावर चुन्याचा हात आहे की नाही, वरती दुसरा मजला आहे की आभाळ, याची नोंद नाही. विजेची चौकशी होते ती दिवाबत्तीचे साधन म्हणून. कंदील जाऊन बल्ब आला काय, एवढेच जाणण्याची ज्या काळात गरज होती त्या काळचा हा प्रश्न आहे.

दुसरी वही आकाशातून लिहिली गेलेली. 2020 साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोन उडवून गावठाणांचे नकाशे काढण्यात आले. आरंभीच्या राज्यांत कर्नाटकही होते. या नकाशांवर घराघराची आकृती उमटते, म्हणजे छपराचे क्षेत्रफळ मिळते. ते वापरले जाते मालकीहक्काच्या कागदासाठी. तिसरी वही प्रधानमंत्री आवास योजनेची. 2016 पासून ग्रामीण भागात बांधल्या जाणाऱ्या प्रत्येक घराची, पाया ते छप्पर, टप्प्याटप्प्याने स्थळनोंदीसह छायाचित्रे काढली जातात, कशासाठी, तर पुढचा हप्ता सोडावयाचा की नाही हे ठरविण्यासाठी. सरकारी पैशाने बांधलेले घर पूर्ण झाल्यावर आतून किती तापते, हे विचारण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

चौथी वही सर्वांत महत्त्वाची, आणि ती कलबुर्गीस मुख्यालय असलेल्या वीजपुरवठा कंपनीच्या, जेस्कॉमच्या, दप्तरी आहे. 2023 साली कर्नाटकात गृहज्योती योजना आली. महिना 200 युनिटांपर्यंत वीज मोफत, पण सरसकट नव्हे. 2022-23 या वर्षातील प्रत्येक घराच्या वापराची मासिक सरासरी काढावयाची, त्यावर दहा टक्के वाढ धरावयाची, तेवढी त्या घराची मोफत मर्यादा. त्यापुढील वापराचे पैसे भरावयाचे, आणि 200 ओलांडले की सबंध बिल. 2024 च्या जानेवारीत कमी वापराच्या घरांसाठी दहा टक्क्यांऐवजी दहा युनिटांची वाढ ठरली. योजनेच्या राजकारणात आम्ही शिरत नाही. परंतु तिच्या निमित्ताने राज्यातील लाभार्थी घरांच्या वर्षभराच्या वीजवापराची सरासरी काढली गेली, ही गोष्ट अभ्यासकांच्या दृष्टीने केवढी मोलाची आहे! नव्या घरांसाठी राज्याची जी सरासरी धरण्यात आली ती 53 युनिटांची. मघाचा पंखा आठवावा. एकटा पंखा 27 युनिटे खातो, म्हणजे सरासरी घराचा निम्मा वाटा.

आता या चार वह्या चार खात्यांच्या चार कपाटांत आहेत, आणि एकीचा दुसरीशी संबंध जोडण्याची कोणावरही जबाबदारी नाही. छप्पर जनगणनेकडे, क्षेत्रफळ भूमापनाकडे, छायाचित्र ग्रामविकासाकडे, युनिटे वीज कंपनीकडे. त्या एकत्र ठेवल्या तर पत्र्याच्या घरांची वस्ती मे महिन्यात स्लॅबच्या वस्तीहून किती अधिक वीज घेते, चुना फासल्याने काही फरक पडतो काय, बिदरच्या उंच पठारावरचे घर आणि कलबुर्गीच्या तापत्या सपाटीवरचे घर यांना एकच नियम लावणे शहाणपणाचे काय, हे सारे पुष्कळसे कळू शकेल.

त्यात एक धोका आहे, आणि तो टाळला नाही तर आकडेच गरिबाच्या मुळावर यावयाचे. ज्या घराचा वापर महिना 25 युनिटे आहे ते घर काटकसरी आहे असा अर्थ दिल्लीतील एखादा अहवाल लिहिणारा सहज काढील. वस्तुस्थिती अशी असू शकेल की त्या घरात एकच पंखा आहे आणि तोही रात्रीपुरता. तेथे बचत झालेली नाही. तेथे माणसे सोसत आहेत. गृहज्योतीच्या हिशेबातही हाच काटा आहे. 2022-23 मध्ये ज्याच्याकडे पंखा नव्हता, त्याची मोफत मर्यादा त्या अभावाच्या मापाने ठरली. पुढे त्याने पंखा घेतला तर जास्तीचा भार त्याच्यावर. केवळ युनिटांवरून धोरण आखणारा माणूस उकाड्याला गुण देतो. म्हणून युनिटांच्या शेजारी घरातले तापमान लिहिलेले असलेच पाहिजे.

अमेरिकेने 1973 च्या तेलसंकटानंतर धडा घेतला आणि 1978 पासून घरगुती ऊर्जावापराची राष्ट्रीय पाहणी सुरू केली. घर केव्हा बांधले, कशाचे बांधले, आत कोणती यंत्रे आहेत, हे कुटुंबाला विचारावयाचे आणि प्रत्यक्ष वापराचे आकडे पुरवठादाराकडून घ्यावयाचे, अशी तिची रीत आहे. आपल्याकडे काही संशोधनसंस्थांनी असे प्रयत्न केले; 2020 मध्ये सुमारे 15 हजार कुटुंबांची एक पाहणी झाली. ते स्तुत्यच आहे, परंतु सरकारचे कर्तव्य खासगी संस्थांच्या उत्साहावर किती काळ सोपवावयाचे?

आकडे ही रुक्ष गोष्ट आहे, लोकांच्या जिव्हाळ्याशी तिचा काय संबंध, असे म्हणणाऱ्यांना आम्ही दादाभाई नौरोजींचे स्मरण देऊ. हिंदी माणसाचे वार्षिक उत्पन्न अवघे 20 रुपये आहे, हे त्यांनी 1870 च्या दशकात मांडले ते सरकारच्याच प्रांतवार अहवालांतील पिकांचे आकडे एकत्र करून. राज्यकर्त्यांच्या कपाटांत ते आकडे विखुरलेले होतेच. ते एका कागदावर आणताच त्यांतून अभियोगपत्र तयार झाले. महाराष्ट्रात डॉ. हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या एका गावाची बारकाईने पाहणी करून 1917 साली पुस्तक प्रसिद्ध केले, त्या एका गावाने दख्खनच्या शेतकऱ्याच्या कर्जाविषयी पुष्कळ काही सांगितले. निर्ण्याला असा मान मिळालेला नाही.

लोकांच्या मनात शंका येणार हे उघड आहे. मोजावयास आलेला सरकारी माणूस काही तरी काढून घेण्यासाठीच आला, हा अनुभव पिढ्यांचा आहे. मीटरच्या तासातासाच्या नोंदीवरून घरात माणसे केव्हा असतात हेही कळू शकते, तेव्हा या माहितीवर चौकीदार हवा. एका एका घराची नव्हे, तर वस्तीची वा गावाची एकत्रित आकडेवारीच बाहेर यावी, आणि तिचा उपयोग कोणाची सवलत तोडण्यासाठी होणार नाही हे लेखी बजावावे.

बिदरच्या सरहद्दीपलीकडे तेलंगणाने 2023 मध्ये थंड छपरांचे धोरण जाहीर केले. 2028 पर्यंत 300 चौरस किलोमीटर छपरे उन्हाला परतविणारी करावयाची, हे त्याचे उद्दिष्ट. हेतू उत्तम आहे. पण रंगविलेली छपरे मोजणे आणि त्यांखाली निजणाऱ्यांना किती अंश दिलासा मिळाला हे मोजणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एलईडी दिव्यांच्या बाबतीत पहिली मोजणी पुरली. 36 कोटींहून अधिक दिवे वाटले गेले आणि दर दिव्यामागे किती वॉट वाचले हे कोणीही सांगू शकला. छपराचे तसे नाही. तेथे ऊन, उंची, वारा, भिंत आणि चुन्यावर साचलेली धूळ, सारेच हिशेबात येते.

आपल्या किनाऱ्यावर तरी वेगळे काय आहे? चिऱ्याच्या भिंती आणि कौलांची उतरती छपरे जाऊन येथेही स्लॅब आले, आणि ते ओतणाऱ्यांत उत्तर कर्नाटकातून आलेल्या मजुरांचे हात आहेत. ते हात मे महिन्यात गावी परततात ते आपल्याच तापलेल्या स्लॅबखाली. आमची मागणी मोठी नाही. निर्ण्यासारखी काही गावे निवडावी. प्रत्येकात माळवदाचे, पत्र्याचे, उघड्या स्लॅबचे आणि चुना दिलेल्या स्लॅबचे अशी दोन-दोन चार-चार घरे घ्यावी. घरच्यांच्या संमतीने आत तापमापक टांगावा, वर्षभर दुपारी आणि रात्री नोंद करावी, शेजारी मीटरचा आकडा लिहावा, आणि सारे कन्नड, मराठी व उर्दू या गावच्या भाषांत छापून पंचायतीच्या भिंतीवर लावावे. तापमापकाला पंख्याहून कमी पैसे पडतात, आणि वही सांभाळावयास गावच्या शाळेतील मास्तर पुरेसे आहेत.