निम्मंही न पचवणारं पोट

दोडामार्गात हत्ती येऊन गेला की वाटेवर लीद पडलेली दिसते. काठीने फोडून पाहावी: बांबूचे नि सालींचे धागे जसेच्या तसे, फणसाच्या दिवसांत मधूनच एखादी अखंड आठळी. गाईच्या शेणात इतकं काही ओळखू येत नाही. कारण हत्ती खातो त्यातलं जेमतेम ४० ते ४५ टक्केच त्याला पचतं.

फरक आहे तो चारा आंबवण्याच्या जागेचा. गाय चारा आधी कोटीपोटात आंबवते, रवंथ करते आणि बारीक झाल्याशिवाय पुढे सोडत नाही. हत्तीला रवंथ नाही. त्याचं जठर एकच, लांबट, मुख्यतः साठवणीचं. लहान आतड्यात साखर-प्रथिनं शोषून झाली की चोथा अंधनालात आणि मोठ्या आतड्यात उतरतो. खरी भट्टी तिथे. असंख्य सूक्ष्मजीव तंतू फोडतात, त्यातून आम्लं तयार होतात आणि हत्तीची बरीचशी ऊर्जा त्यातून येते. पण एक-दोन दिवसांत माल बाहेर पडतो, त्यामुळे काम अर्धवटच राहतं.

हा काही दोष नव्हे. निकृष्ट चारा बारीक होईपर्यंत अडवून धरला असता तर एवढ्या देहाला पुरेसं खाणंच आत गेलं नसतं. हत्तीने हिशेब उलटा मांडलाय: कमी पचवा, पण भरपूर ढकला. म्हणून दिवसाचे १६-१८ तास चरणं, १५० किलोपर्यंत चारा, १०० लिटरहून जास्त पाणी. लीदही शंभरेक किलो. केळीची बाग त्याला का खुणावते, तेही इथेच कळतं. तंतू कमी, गोडवा जास्त, चावायचे कष्ट नाहीत.

या सतत चालणाऱ्या कारखान्यात पित्ताशय नाही. अ‍ॅरिस्टॉटलने हे सुमारे २३०० वर्षांपूर्वीच नोंदवलंय. पित्त यकृतातून थेट आतड्यात झिरपतं. दिवसभर चरणाऱ्याने ते साठवून करायचं काय!

नाजूक भाग आहे तो दातांचा. दाढ झिजली की मागची पुढे सरकते. असे आयुष्यात सहा संच. साठीच्या आसपास शेवटचा संपला की आतडी धडधाकट असूनही जनावर उपाशी मरतं. दुसऱ्या टोकाला पिल्लू: जन्मतः त्याच्या आतड्यात ही सूक्ष्मजीवांची वस्ती नसते, म्हणून ते आईची लीद खातं. किळस करू नये, विरजण लावणं आहे ते.

हत्तीच्या दुखण्यांवर जुना ग्रंथच आहे: पालकाप्य मुनींच्या नावावरचा ‘हस्त्यायुर्वेद’. पुण्याच्या आनंदाश्रमाने तो १८९४ साली छापला. अंग देशाचा राजा रोमपाद विचारतो आणि मुनी हत्तीचे रोग नि उपचार सांगतात. मुरलेला माहूत आजही आधी लीदच पाहतो: किती, कशी, ओली की कोरडी. लीद अडली, पोट फुगलं, की पोटशूळ आलाच म्हणायचा. देवळातल्या हत्तीला श्रद्धेने गूळ, लाडू, भाताचे गोळे चारणाऱ्यांना हे कोणी तरी सांगायला हवं. त्याच्या भट्टीला लागतो तो चिवट हिरवा चारा. गोडधोडाने वजन वाढतं, पाय जातात, आतडी बिघडतात. एवढी भक्ती असेल तर वडाच्या दोन फांद्या तोडून आणाव्यात. तो सालीसकट खाईल.