उन्हात उजळणारं पान

धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग गोदावरी ओलांडतो, तिथे अलीकडच्या काठावर जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातलं शहागड आहे. पूल ओलांडला की बीड जिल्ह्याचा गेवराई तालुका लागतो. इथून संभाजीनगरला जा, बीडला जा की अंबडला, एसटीची वाट पाहणं आलंच. आणि एप्रिल-मे महिन्यांत ती चाळिशी गाठलेल्या उन्हात पाहावी लागते. वेळ काढायला कुणी मोबाइल बाहेर काढतं, पण पडद्यावर हाताचा आडोसा धरल्याशिवाय काही दिसत नाही. ब्राइटनेस शेवटपर्यंत नेला तरी अक्षरं फिकटच, आणि मजकुरावर आपल्याच चेहऱ्याचं प्रतिबिंब. त्याच उन्हात ई-रीडर, म्हणजे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, उघडला तर उलटं घडतं. ऊन जितकं कडक, तितकं पान स्वच्छ दिसतं.

याचं कारण साध्या हिशेबात सापडतं. मोबाइलचा पडदा स्वतः प्रकाश फेकतो. पडद्याची तेजस्विता 'निट' या एककात मोजतात, आणि नेहमीच्या वापरातल्या मोबाइलची तेजस्विता साधारण ५०० ते १,००० निट असते. भर दुपारच्या थेट उन्हात जमिनीवर पडणारा प्रकाश मात्र सुमारे १ लाख लक्स असतो. एवढ्या प्रकाशात ठेवलेला साधा पांढरा कागद वीस हजार निटच्या पुढे चमकतो. त्याच्या शेजारी मोबाइल काळवंडलेला दिसणारच. ई-रीडरचा पडदा या शर्यतीत उतरतच नाही. अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी साधारण ४० टक्के प्रकाश तो परत पाठवतो. थेट उन्हात त्याची तेजस्विता बारा हजार निटच्या वर जाते. स्टँडच्या सावलीत दहा हजार लक्स प्रकाश असला, तरी हा पडदा बॅटरी न वापरता बाराशे निटपर्यंत पोचतो. मोबाइलला जो सूर्य अडचणीचा ठरतो, तोच इथे दिव्याचं काम करतो.

हे पान बनतं कसं, ते अगदी जवळून पाहण्यासारखं आहे. पडद्याच्या काचेखाली किंवा प्लॅस्टिकखाली एक पातळ थर असतो आणि त्यात लाखो सूक्ष्म कुप्या दाटीवाटीने बसवलेल्या असतात. शिजलेल्या साबुदाण्याच्या दाण्यासारखी प्रत्येक कुपी पारदर्शक, पण आकाराने केसाच्या जाडीएवढीच. कुपीत स्वच्छ तेलकट द्रव असतो आणि त्यात दोन प्रकारचे कण तरंगत असतात. पांढरे कण टायटॅनियम डायऑक्साइडचे. घराच्या पांढऱ्या रंगात वापरतात तेच हे द्रव्य. काळे कण काजळीसारख्या कार्बनचे. पांढऱ्या कणांवर एक विद्युतभार, काळ्यांवर त्याच्या उलट. थराखाली विजेच्या अतिसूक्ष्म जोडण्यांची जाळी असते. एखाद्या ठिपक्याखाली एका दिशेने विजेचा दाब दिला की पांढरे कण वर येतात आणि काळे तळाशी जातात. दिशा उलटवली की काळे वर येतात. अशा काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांतून 'अ' उभा राहतो, 'क्ष'ची गाठ बसते. कण अर्धवट वर आणले तर करडा रंग मिळतो; बहुतेक ई-रीडर करड्याच्या १६ छटा दाखवतात.

थोडक्यात, पडद्यावर दिसतात ते खरेखुरे रंगकण असतात. कागदावर शाई असते तसेच तेही पृष्ठभागावर बसलेले असतात, म्हणून बाजूने किंवा तिरकं पाहिलं तरी अक्षर बदलत नाही. पान उलटताना पडदा क्षणभर काळा होऊन पुन्हा पांढरा होतो, हे नव्याने ई-रीडर घेणाऱ्याला खटकतं. मागच्या पानाचे काही कण जागेवरून हललेले नसतात आणि त्यांची पुसट सावली नव्या पानावर राहते. ती घालवण्यासाठी सगळे कण एकदा खालीवर ढवळून घ्यावे लागतात. द्रवातून कण सरकायला वेळही लागतो, त्यामुळे या पडद्यावर सिनेमा पाहता येत नाही. वाचणाऱ्याला त्याचं दुःख नसावं.

या तंत्राचा सगळ्यात मोठा गुण वेगळाच आहे. कण एकदा जागेवर बसले की वीज काढून घेतली तरी तिथेच राहतात. पान दाखवत ठेवायला वीज लागतच नाही, ती लागते फक्त पान बदलताना. मोबाइलचा पडदा सेकंदाला साठ किंवा त्याहून जास्त वेळा चित्र नव्याने रंगवत असतो आणि तेवढा सगळा वेळ प्रकाशही फेकत असतो. ई-रीडरवर मिनिटभर एक पान वाचलं, तर त्या मिनिटातला जेमतेम एखादा सेकंद पडद्याला वीज लागते. त्यामुळे एकदा चार्ज केलेला ई-रीडर रोज थोडं वाचलं तर आठवडेच्या आठवडे चालतो. रात्री लाईट गेली, सकाळी गाडी पकडायची आहे आणि चार्जिंग राहून गेलं, ही आपल्याकडची नेहमीची धांदल या यंत्राला फारशी जाणवत नाही. पुस्तक एकदा उतरवून घेतलं की नेटवर्कही लागत नाही.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात निक शेरिडन यांनी १९७० च्या दशकातच दुरंगी गोळ्या फिरवून चालणारा विजेचा कागद बनवला होता. नव्वदच्या दशकात एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये जोसेफ जेकबसन आणि त्यांचे विद्यार्थी बॅरेट कॉमिस्की व जे. डी. अल्बर्ट यांनी सूक्ष्म कुप्यांची शाई तयार केली. १९९७ मध्ये त्यातून ई इंक कंपनी निघाली आणि १९९८ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्यांचा शोधनिबंध आला. २००४ मध्ये सोनीने जपानमध्ये या शाईचा पहिला ई-रीडर विकायला काढला. २००७ मध्ये ॲमेझॉनचं किंडल आलं आणि हे यंत्र घरोघरी पोचू लागलं.

मराठी वाचकाचा प्रश्न मात्र शाईपाशी संपत नाही. खरा प्रश्न अक्षरांचा आहे. शहागडपासून जवळच, घनसावंगी तालुक्यातल्या जांब इथे १६०८ मध्ये समर्थ रामदासांचा जन्म झाला. त्यांच्या दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळं, सरळ आणि काळं असावं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत एकाच टाकाने लिहिल्यासारखं दिसावं, कागदाच्या कडा झडल्या तरी मजकूर शाबूत राहावा म्हणून भोवती जागा सोडावी, असं ते सांगतात. तरुणपणी फार बारीक लिहिलेलं म्हातारपणी उपयोगी पडत नाही, म्हणून मध्यम आकारात लिहावं, हेही त्यांनी बजावलं आहे. पोथी एकदा लिहिली की तिचं अक्षर बदलता येत नाही, हे जाणून दिलेला तो सल्ला होता. ई-रीडरमध्ये ही मध्यममार्गाची अडचणच उरत नाही. नातवाने बारीक अक्षरात वाचलेलं पुस्तक आजोबा दुप्पट अक्षर करून वाचू शकतात. चाळिशीचा चष्मा घरी राहिला असेल, एसटी खड्ड्यांतून हादरत असेल, तरी दोन बोटांनी अक्षर मोठं करून वाचन चालू ठेवता येतं.

पण अक्षर असं लहानमोठं करायचं तर ते यंत्राला अक्षर म्हणून कळलं पाहिजे. 'कि' लिहिताना वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण संगणकात आधी 'क' साठवला जातो आणि वेलांटी नंतर. 'र्क'मधला रफार डोक्यावर जातो, पण साठवताना 'र' पहिला असतो. साठवलेल्या क्रमातून डोळ्यांना हवा तो आकार जुळवण्याचं काम यंत्रातल्या प्रणालीला करावं लागतं. देवनागरीला १९९१ पासून युनिकोडमध्ये जागा आहे, तरी वाचन-यंत्रांत ती नीट दिसायला बराच काळ गेला. ॲमेझॉनने किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांतली पुस्तकं २०१६ च्या डिसेंबरमध्ये आणली. पडद्याचा दाटपणाही कामी आला. आजचे चांगले ई-रीडर इंचाला ३०० ठिपके देतात, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये सुमारे १२. जोडाक्षराच्या पोटातली फट, उकाराचं वळण, अनुस्वाराचं टिंब एकमेकांत मिसळू नयेत, म्हणून देवनागरीला हा दाटपणा रोमन लिपीपेक्षा जास्त हवा असतो.

अडचण येते ती पुस्तकांच्या रूपात. राज्य मराठी विकास संस्था आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ यांनी कितीतरी मोलाचे ग्रंथ संकेतस्थळांवर मोफत ठेवले आहेत. त्यातली बरीच पुस्तकं पानांच्या छायाचित्रांच्या स्वरूपात आहेत. सहा इंची ई-रीडरवर असं पान उघडलं की अक्षर मुंगीएवढं दिसतं. मोठं करावं तर ओळ अर्ध्यात तुटते आणि पान डावी-उजवीकडे सरकवत बसावं लागतं. बालभारतीच्या रंगीत, मोठ्या पानांच्या पाठ्यपुस्तकांचीही तीच गत, कारण त्यांची मांडणी कागदासाठी केलेली असते. युनिकोडमध्ये टंकलेली कादंबरी मात्र पडद्याच्या मापाने ओळी आपोआप लावून घेते. एक लाख शब्दांच्या अशा मराठी कादंबरीचा मजकूर साधारण २ एमबी भरतो, कारण देवनागरीचं एक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात; दाबून ठेवला तर आणखी कमी. आठ जीबीच्या यंत्रात अशी हजारो पुस्तकं मावतात. जुन्या खाजगी फाँटमध्ये टंकलेल्या मजकुराचं दुखणं याहून वेगळं. त्या फाँटशिवाय तो उघडला तर इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसतो. तो शोधता येत नाही आणि दृष्टिहीन वाचकाला यंत्राकडून वाचूनही घेता येत नाही.

घरात वापरताना काही गोष्टी जाणून घेतलेल्या बऱ्या. रात्री वाचण्यासाठी बहुतेक ई-रीडरमध्ये दिवा असतो, पण तो मागून डोळ्यांत येत नाही. कडेला बसवलेल्या छोट्या एलईडींचा प्रकाश एका पातळ थरातून पानावर पसरतो आणि तिथून परत येतो. म्हणून हा दिवा अगदी मंद ठेवला तरी भागतं. २०१४ च्या अखेरीस हार्वर्डच्या संशोधकांनी १२ जणांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. झोपण्यापूर्वी सुमारे चार तास पूर्ण तेजाच्या पडद्यावर वाचणाऱ्यांना छापील पुस्तक वाचण्याच्या तुलनेत झोप सुमारे दहा मिनिटं उशिरा लागली, आणि झोपेची वेळ सांगणारं मेलाटोनिन हे संप्रेरकही दबलं. बातम्यांमध्ये 'ई-रीडरने झोप उडते' असं आलं, पण प्रयोगात वापरलेलं यंत्र प्रकाश फेकणारा टॅबलेट होता. हा निष्कर्ष रात्री मोबाइल चाळणाऱ्यांना लागू पडतो. मंद दिव्यातल्या ई-शाईला तसाच्या तसा लावता येत नाही.

कागदाची बाजूही भक्कम आहे. ५४ अभ्यास आणि १ लाख ७० हजारांहून जास्त वाचक एकत्र धरून २०१८ मध्ये झालेल्या पाहणीत, माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना थोडा अधिक चांगला समजल्याचं दिसलं. वेळेचं बंधन असेल तेव्हा तर हा फरक ठळक होता. कथांच्या बाबतीत तो दिसला नाही. २०१९ मध्ये नॉर्वेच्या ॲन मँगन आणि सहकाऱ्यांनी ५० जणांना एकच दीर्घकथा वाचायला दिली, निम्म्यांना किंडलवर आणि निम्म्यांना कागदावर. कथा दोघांनाही सारखीच समजली, पण कुठली घटना आधी घडली आणि कुठली नंतर, हे कागदावर वाचणाऱ्यांना अधिक बरोबर सांगता आलं. किती पानं उलटली आणि किती उरली, हे बोटांना कळतं आणि आठवणीला त्याचा आधार मिळतो, असं संशोधकांना वाटतं. त्यामुळे परीक्षेचा अभ्यास कागदावर आणि कथा-कादंबऱ्या, चरित्रं, प्रवासवर्णनं ई-रीडरवर, अशी वाटणी मला शहाणपणाची वाटते. आणखी एक काळजी यंत्राची घ्यावी. उन्हात वाचता येतं म्हणून ते उन्हात टाकून ठेवू नये. काही उत्पादक ३५ अंशांपर्यंतच वापरायला सांगतात, आणि मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर बॅटरीचं आयुष्य झपाट्याने घटतं.

विज्ञानाने आपलं काम चोख केलं आहे. वीज कमी, ऊन जास्त, पुस्तकांचं दुकान लांब आणि प्रवास रोजचा, अशा मुलखाला शोभेल असा पडदा तयार आहे. उरलेलं काम मराठी माणसांचं आहे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याचं लेखन सर्वांसाठी खुलं होतं. हरि नारायण आपटे, राम गणेश गडकरी, लक्ष्मीबाई टिळक यांचं साहित्य कधीच खुलं झालं आहे. १९५० मध्ये गेलेल्या साने गुरुजींचंही २०११ पासून खुलं आहे. मराठी विकिस्रोतावर स्वयंसेवक अशा पुस्तकांची छायाचित्रं शेजारी ठेवून एकेक पान युनिकोडमध्ये उतरवतात आणि तपासतात. या कामासाठी पदवी लागत नाही. लागते चांगली मराठी, एक मोबाइल आणि दिवसाला एका पानाची चिकाटी. गावातल्या सार्वजनिक वाचनालयाने दोन-तीन ई-रीडर घेऊन त्यांत अशी खुली पुस्तकं भरली, तर ती कुणालाही घरी न्यायला देता येतील. विकत घेतलेल्या बहुतेक ई-पुस्तकांना कुलूप असतं आणि ती अशी फिरवता येत नाहीत, हेही लक्षात ठेवावं. पानं बारकाईने तपासणारे निवृत्त शिक्षक, वेगाने टंकणारी महाविद्यालयीन मुलं आणि पुस्तकं निवडून देणारे ग्रंथपाल आपल्या गावागावांत आहेत. त्यांनी एका पुस्तकापासून सुरुवात करावी. छायाचित्रातून मोकळं झालेलं प्रत्येक पुस्तक लहान अक्षरात, मोठ्या अक्षरात आणि यंत्राच्या आवाजात, हव्या त्या वाचकापर्यंत पोचेल.