ओले फडके

स्वयंपाकघरातील फडके दिसावयास स्वच्छ असते. त्याने आपण ताटे पुसतो, प्रसंगी मुलाचे तोंडही पुसतो, आणि रात्री ते तसेच ओले चुरगळून कोपऱ्यात ठेवतो. त्यावर, तसेच दाराच्या कडीवर, पाण्याच्या ओगराळ्यावर आणि हातातील मोबाईलवर असंख्य जंतू वस्ती करून असतात, हे आपल्या ध्यानी येत नाही.

जंतूंना ओलावा, ऊब व अन्नाचे कण एवढेच हवे असते. ओल्या फडक्यात हे तिन्ही मिळते. आतड्यात राहणारा एक सामान्य जंतू सर्व अनुकूलता लाभल्यास सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतो. या हिशेबाने एकाचे सात तासांत २० लाखांहून अधिक होतात. फडक्यात हा वेग कमी असेल. तथापि रात्र मोठी असते.

सारेच जंतू वैरी नव्हेत. दुधाचे दही करणारेही जंतूच. भय आहे ते विष्ठेतून वा कच्च्या मांसातून हातावर, हातावरून घासात शिरणाऱ्या जंतूंचे. हगवणीने जगात दरवर्षी काही लाख बालके दगावतात.

व्हिएन्नाच्या रुग्णालयात १८४७ साली डॉ. सेमेलवाइस यांना असे आढळले की, शवविच्छेदन करून प्रसूतिगृहात येणाऱ्या डॉक्टरांच्या हातांतूनच बाळंतिणींस मृत्यू येत होता. त्या एप्रिलमध्ये शंभरांतील सुमारे १८ माता दगावल्या. मे महिन्यात त्यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. जूनमध्ये हे प्रमाण सुमारे दोनवर आले. हात पूर्वीही स्वच्छच दिसत होते!

स्वच्छ दिसणे निराळे आणि स्वच्छ असणे निराळे. म्हणून शौचानंतर, तसेच अन्नास हात लावण्यापूर्वी, साबणाने हात धुवावेत. राख-मातीवर विसंबू नये. मासळी कापलेली विळी साबणाने धुतल्यावाचून तिच्यावर काकडी चिरू नये. पुसण्याचे फडके रोज धुवावे, अधूनमधून उकळत्या पाण्यातून काढावे व कडक उन्हात वाळवावे. पावसाळ्यात ऊन नसेल तर चुलीजवळ, पण मोकळ्या हवेत टांगावे. दोन फडकी आळीपाळीने वापरल्यास एक तरी नेहमी कोरडे मिळते.

यास खर्च फारसा नाही. ज्या हाताने आपण बाळाला घास भरवतो, तो धुण्यास लागणारी मिनिटभराची सवड तेवढी काढावयास हवी.