घराची डागडुजी आणि आपली कंबर

मे महिना आला की आपल्या खानापूर-बेळगाव भागात घरोघरी डागडुजी निघते. कौले उतरवायची, किडका वासा बदलायचा, न्हाणीला सिमेंट करायचे, जुने कपाट हलवायचे. पाऊस तोंडावर आणि गवंडी मिळत नाही, म्हणून घरधनी स्वतःच कामाला लागतो. नेमकी तेव्हाच कंबर धरली तर भाताची पेरणी अडते. म्हणून ओझे उचलण्याविषयी आम्ही येथे चार गोष्टी सांगत आहोत.

तुम्ही म्हणाल, पाठीवर धान्याची पोती वाहणाऱ्याला हे काय शिकवायचे? पण पाठीवरचे पोते अंगाला चिकटलेले असते. जमिनीवरचे ओझे वाकून, हात लांब करून उचलताना पहारीचा हिशेब उलटा होतो. पहारीच्या लांब टोकाला थोडा जोर दिला की धोंडा हलतो. येथे लांब टोकाला ओझे आणि आखूड टोकाला पाठीचे स्नायू असतात. त्यामुळे पाठीला ओझ्याच्या कितीतरी पट जोर लावावा लागतो व तो दाब मणक्यांमधील गाद्यांवर पडतो.

अमेरिकेच्या सरकारी श्रमिक-आरोग्य संस्थेने १९९१ साली सर्व गोष्टी अनुकूल असताना उचलण्याची मर्यादा २३ किलो धरली. आपली सिमेंटची पिशवी ५० किलोची! तेव्हा ती एकट्याने उचलणे ही मर्दुमकी नव्हे. निम्मे सिमेंट दुसऱ्या गोणीत काढावे, किंवा घमेल्यांनी न्यावे.

आता पुढील गोष्टी ध्यानात ठेवा :

(१) आधी वाट मोकळी करा. उंबरठा, वाळू, पडलेली कौले पाहून घ्या.

(२) पाय फाकवून ओझ्याजवळ उभे राहा, गुडघे वाकवा, ओझे पोटाशी धरा व पायांच्या जोरावर उठा. श्वास कोंडू नका.

(३) वळायचे तर पावले टाकून वळा. कंबरेला पीळ देऊ नका.

(४) कपाट रिकामे करा, खाली गोणपाट घालून सरकवा. रगडा पहारीने कलता करून गडगडत न्या.

(५) तुळई दोघांनी एकाच बाजूच्या खांद्यावर घ्यावी. हुकूम एकानेच द्यावा व दोघांनी मिळून खाली ठेवावी.

(६) बायका डोक्यावरून चिरे वाहतात. चुंबळ तर हवीच, पण ओझे चढवायला व उतरवायला दुसरे माणूस हवे. भिजलेला चिरा अधिक जड होतो, हे विसरू नये.

(७) झोपेतून उठल्यावर पहिला तासभर जड काम टाळा. रात्रभरात मणक्यांच्या गाद्या पाणी धरून फुगलेल्या असतात.

कंबरेला पंचा आवळला की भय नाही, असा समज आहे. तो खरा नाही.

एवढे करूनही उसण भरली तर ओझे टाळावे, पण दिवसेंदिवस अंथरुणावर पडून राहू नये. झेपेल तसे हिंडावे-फिरावे. मात्र पायातला जोर गेला, जांघेत बधिरपणा आला, लघवी अडली किंवा आपोआप होऊ लागली, तर चोळणाऱ्याकडे न जाता त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. उशीर झाल्यास कायमचे अपंगत्व येऊ शकते. जांघेत फुगवटा दिसला तर तो अंतर्गळ असू शकतो. तोही डॉक्टरांना दाखवावा.

शेजाऱ्याला हाक मारायला लाजू नका. पेरणीला आपण एकमेकांच्या शेतात जातोच. तसेच तुळई उचलायलाही जावे. कौले दोन दिवस उशिरा चढली तरी चालतील, पण घरधन्याची कंबर शाबूत राहिली पाहिजे.